मुराळी झालेल्या बाया

जिंतूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमच्या संस्थेची एक खोली होती. दारावर पाटी होती ‘महिला शिवणवर्ग’. पाटी खोटी नव्हती. आत दोन मशिनी होत्या, कात्र्या होत्या, भिंतीला ब्लाउजचे कागदी नमुने टांगलेले होते. पण तिथं येणाऱ्या बहुतेक बाया शिवण शिकण्याच्या निमित्तानं दुसऱ्याच कामाला यायच्या. एड्स हे नाव तेव्हा आमच्या भागात नुकतंच पोचलं होतं. ते नाव दारावर लिहिलं असतं तर त्या दारात एकही बाई आली नसती.

मी तिथं अर्धवेळ कार्यकर्ती होते. सकाळी कॉलेज, दुपारी संस्था. माझे वडील येलदरीच्या धरणात मासे धरतात. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे विद्यापीठाच्या अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर संकोच वाटला. अनुभव सांगावेत एवढं माझं वय नाही आणि मी केलेलं काम असं वेगळं काढून दाखवताही येत नाही. आता एम.ए.साठी औरंगाबादला आहे. वसतिगृहाच्या खिडकीतून श्रावणातलं आभाळ दिसलं की जिंतूरची ती खोली आठवते, आणि कौसा आठवते. गेल्या उन्हाळ्यात कौसा वारली. इथली सगळी नावं मी बदलली आहेत, तिचंसुद्धा.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण घरी मी ते नीट कधीच सांगू शकले नाही. औषध आमच्याकडे नव्हतं. खोकल्या-तापाचं, क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यातून मिळायचं, तिथवर बाईला सोबत करायची. बाकी काम म्हणजे बोलणं आणि बसणं. संस्था चालवणाऱ्या निर्मलाबाई निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “घरात गेलीस की पाणी माग. आणि तिच्याच हातचं माग.” सासू, जाऊ, शेजारीण अशा सगळ्यांच्या देखत त्या बाईच्या हातचं पाणी प्यायचं. पुस्तकातलं सगळं मग. नुसतं पाणी प्यायल्यानं एखाद्या घरात किती शांतता पसरते, ते मी पाहिलेलं आहे.

बाया खोलीवर यायच्या त्या बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी घराबाहेर पडायला बाईला कारण द्यावं लागत नाही. पिशवीत मेथीची जुडी घेऊन यायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि बोलायच्या. त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज अनसाबाईचा. त्या बाजारात येलदरीचे मासे विकायच्या, आमच्याच वडलांकडून घ्यायच्या. नवरा गेल्यावर त्यांचाही आजार कळला तसं गिऱ्हाईक तुटलं. तरी पाटी घेऊन बसायच्याच. म्हणायच्या, “माजा आजार माशाला हुईना, अन् मासा तर आधीच मेलेला हाय. मंग भ्यायचं कामून?” मला त्या नावानं हाक मारत नसत. “ए कॉलेज” म्हणायच्या.

कौसा माझ्याच वयाची होती, तरी मला ताई म्हणायची. तिचा नवरा ट्रकवर होता. तो गेला आणि तिची तपासणी झाली, तेव्हा तिच्या लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. सासर जिंतूरहून येलदरीकडं जाताना लागणाऱ्या एका खेड्यात. सासूनं तिला हाकललं नाही, एवढं सासूच्या बाजूनं सांगायला हवं. शेतात तिला बरोबरीनं राबवायची. पण निजायला गोठ्याशेजारची ओसरी आणि जेवायला जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, एक वेगळी ताटली. ती ताटली कौसानं वेगळी घासून वेगळ्या खुंटीला ठेवायची.

कौसा त्याबद्दल कधी फार बोलली नाही. ती बोलायची माहेराबद्दल. माहेर पोखर्णीच्या पलीकडं. अंगणात मोठा कडुलिंब आणि पंचमीला त्या लिंबाला झोका. आमच्याकडं नागपंचमी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण पंचमीला लेक माहेरी पाहिजे. ती स्वतः उठून यायची नाही. तिला आणायला माहेराहून भाऊ जातो, नाहीतर चुलता. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी शिदोरी घेऊन येतो, सासरचे त्याला जेवू घालतात आणि लेकीला त्याच्यासोबत पाठवतात. आल्या मुराळ्याला रिकामं परत लावलं तर गावात नाव जातं. आणि मुराळीच आला नाही, तर त्या बाईला माहेर राहिलं नाही असं गाव समजतं.

नवरा गेल्यापासून कौसाला मुराळी आलेला नव्हता. श्रावण लागला की ती शेतातून येताना फाट्यावर थांबायची. सासूच मला म्हणाली, “उगं बसती तिथं. यष्टीतून कोण उतरतंय बघती अन् येती उठून.”

म्हणून पंचमीआधी मी तिच्या भावाला भेटायला गेले. भगवान त्याचं नाव. दारात कौसाची आई लाह्यांची ज्वारी निवडत बसली होती. मी कुठून आले ते कळल्यावर तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. भगवान वाईट माणूस नव्हता. त्यानं मला बाजेवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

“ताई, तुमी शिकलेल्या,” तो म्हणाला. “तुमी म्हनता त्ये खरं असंल. पण झोका आमच्या अंगनात असतोय. समद्या गल्लीच्या लेकी हितंच येत्यात. कौसा बसली की एकबी पोर त्याला हात लावनार न्हाई.”

“दोराला हात लावल्यानं काही होत नाही, भाऊ.”

“मला नका सांगू. त्यान्ला सांगा. आन् तुमी सांगून निगून जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय. मला दोन पोरी हायत.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. कशानं होतं, कशानं होत नाही. तो मान हलवत राहिला. माझं बोलणं त्याला पटत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. आतून त्याच्या बायकोनं भांडं आपटल्यासारखा आवाज केला, तेव्हा मी उठले.

कौसाची आई माझ्या मागं फाट्यापर्यंत आली. गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाली, “माय, ती जेवती का पोटभर?”

“जेवते.”

“कशात जेवती?”

तेवढ्यात गाडी आली, मी चढले. ती पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली.

बाजाराच्या दिवशी कौसा सगळ्यांच्या आधी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, “दादा येनार हाय का?” निर्मलाबाई म्हणाल्या, “एका भेटीत होत नसतं ग. आपण परत जाऊ.”

“बाई, तुमी परत जाईस्तोर पंचमी थांबनार हाय का?” अनसाबाई म्हणाल्या. कौसा मशिनीजवळ जाऊन बसली आणि चिंधीवर नुसतीच शिवण मारत राहिली. धागा संपला तरी पाय चालूच.

अनसाबाई तिच्याकडं बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, “मी जाते.”

“कुठं?”

“हिच्या सासरला. मुराळी म्हनून.”

बाया हसल्या. एक म्हणाली, “मंग पटका बांधा की डोक्याला.” अनसाबाई म्हणाल्या, “बांधला असता, पण माज्या डोक्याला शोभंल असा पटका अजून कुनी विनला न्हाई.” हसू ओसरल्यावर लक्षात आलं की त्या खरंच निघाल्या आहेत. कुणी म्हणालं धपाटे मी करते, कुणी म्हणालं शेंगदाण्याची चटणी माझी. निर्मलाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, “तू सोबत जा.”

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही कौसाच्या सासरी गेलो. सासू मला ओळखत होती, अनसाबाईला नाही.

“ह्या कोन?”

“मी मुराळी,” अनसाबाई म्हणाल्या आणि शिदोरी पुढं केली. “कौसीला न्यायला आले.”

सासू आधी हसली. मग तिला कळेना हसावं की नाही. “बाईमानूस मुराळी असतोय व्हय? कदी ऐकलं न्हाई.”

“मान्सं औंदा लय कामात हायत. मंग म्हनलं आपुनच जावं.”

“कोन लागता तुमी तिच्या?”

“मावशी.”

“सख्खी?”

“सख्ख्याच्या वर.”

शेजारच्या दोघी-तिघी कुडाजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. सासूनं त्यांच्याकडं पाहिलं. मुराळी दारात, हातात शिदोरी, आणि गाव बघतंय. ओसरीच्या कडेला कौसा उभी होती. सासूनं शिदोरी हातात घेतली. आमच्याकडं शिदोरी घेतली म्हणजे पाठवणी कबूल. मग रीतीप्रमाणं मुराळ्याला पाट मांडला गेला, पितळेचं ताट आलं, ताटात भाकरी, वरण, वाटीत तूप. सासू आग्रह करून वाढत होती. “घ्या ओ मावशी, लांबून आलाव.” अनसाबाई मान खाली घालून जेवत होत्या. मी त्यांना इतकं गप्प कधीच पाहिलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर गाव मागं पडलं तशा त्या हसायला लागल्या. “कॉलेज, बघितलंस? हिला जर्मनची ताटली अन् मला पितळेचं ताट, तूप घालून! आजार एकच, पण मान मुराळ्याचा!” कौसाला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती इतकी हसली की कंडक्टर मागं येऊन बघून गेला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते नंतर थांबेना. अनसाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

शिवणवर्गाच्या मागच्या अंगणात चिंच होती. तिला झोका बांधला. पंचमीला काही चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून उकडलेले दिंड केले. बायांनी फेर धरला. कौसा झोक्यावर बसली, उंच गेली, उतरली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

“लय बरं वाटलं ताई,” ती म्हणाली. “खोटं न्हाई बोलत. पण...” मग तिनं विचारलं की परभणीहून पोखर्णीला शेवटची गाडी कधी असते. मी सांगितलं. ती हो म्हणाली आणि चिंचेकडं बघत राहिली. तिला जायचं नव्हतं, फक्त वेळ माहीत करून घ्यायची होती. आता परक्या गावात राहायला आल्यापासून मीही स्टँडवर गेले की जिंतूरच्या गाड्यांची वेळ विचारून येते. त्या दिवशी मात्र मला तिचं विचारणं कळलं नव्हतं.

ते वर्ष तसंच गेलं. हिवाळ्यात विद्यापीठाचं नामांतर झालं. त्या दिवसांत गाड्या कधी सुटायच्या, कधी नाही. कौसाला खोकला झाला आणि तिला परभणीच्या दवाखान्यात न्यायला वाट बघावी लागली. ती त्यातून उठली. शिवणवर्गात ती खरोखर शिवायला शिकली, आमच्याकडची ती एकटीच. गावात ब्लाउज शिवायला लागली. काही बाया कापड द्यायच्या, काही नाही. सासूनं मात्र स्वतःचं कापड दिलं. शिवून झालेला ब्लाउज तिनं धुऊन घातला, पण घातला.

पुढच्या उन्हाळ्यात रुक्मिण आली. कौसापेक्षाही लहान. तिचे आईवडील आधीच गेलेले, भाऊ नाही, म्हणजे मुराळी येण्याचा प्रश्नच नव्हता. श्रावण जवळ आला तसं कौसानं आपणहून सांगितलं, “हिच्या सासरला मी जानार, मुराळी म्हनून.” अनसाबाई म्हणाल्या, “जा. पण ताटात तूप वाढलं तर माजी याद ठिव.”

पंचमीच्या आदल्या दिवशी कौसा रुक्मिणला आणायला गेली. आम्ही अंगण सारवत होतो. तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा, काखेत कापडात बांधलेली शिदोरी. मी लगेच ओळखलं. तो भगवान होता.

“तिच्या सासरी जाऊन आलो,” तो म्हणाला. “ती जिंतूरला हाय म्हनले. न्यायला आलोय.”

निर्मलाबाईंनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो तांब्याकडं बघत राहिला. “पी रं बाबा,” अनसाबाई म्हणाल्या, “नळाचं हाय.” तो प्यायला. मग त्याला सांगितलं की कौसा इथं नाही, ती मुराळी म्हणून गेली आहे. त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो पायरीवर बसला आणि शिदोरी मांडीवर ठेवली.

“आता कशी आठवन झाली?” अनसाबाईंनी विचारलं.

“मायनं औंदा झोका बांधू दिला न्हाई. लिंबाखाली बाज टाकून बसलीय. म्हनती, लेक आल्याबिगर फांदीला दोर लावायचा न्हाई. माज्या पोरी रडायल्यात.”

“म्हंजी पोरींसाठी आलास.”

तो खाली बघतच म्हणाला, “ती येईना तवापासून झोका असला तरी मी थांबत नव्हतो तिथं, मावशी. ढोरं घेऊन रानात जात व्हतो.” अनसाबाई आत जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या.

कौसा आली तेव्हा दुपार कलली होती. एका हातात रुक्मिणचा हात. दारात भावाला बघून ती थांबली. मला वाटलं ती रडेल किंवा आत निघून जाईल. तिनं दोन्ही केलं नाही.

“दादा?”

“न्यायला आलो,” तो म्हणाला आणि उठून उभा राहिला.

इतके दिवस ती याच एका वाक्याची वाट बघत होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिचा चेहरा बदलला, मग तिनं रुक्मिणकडं पाहिलं. रुक्मिणनं तिचा हात सोडला होता आणि ती भिंतीकडं सरकत होती, अशा वेळी कसं बाजूला व्हायचं ते तिला चांगलं माहीत असल्यासारखी.

कौसानं तो हात परत धरला. “हिला मी आनलंय, दादा. मुराळी म्हनून. मुराळ्यानं मधीच सोडून जायचं नसतं.”

“म्हंजी?”

“दोगी येताव.”

“दोगी?” भगवाननं रुक्मिणकडं पाहिलं. ती कोण, कशासाठी इथं, हे सांगायची गरज नव्हती. एका बहिणीसाठी गावाशी भांडायची तयारी करून तो आला होता. ती तयारी एकीपुरतीच होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं शिदोरी या काखेतून त्या काखेत घेतली. निर्मलाबाई बोलायला निघाल्या होत्या, अनसाबाईंनी त्यांचा हात दाबला.

“तर मंग मी बी न्हाई येत,” कौसा हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला येण्याची किती इच्छा आहे, तेवढंच त्यात ऐकू आलं.

भगवान गल्लीच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, “यष्टी सुटंल. परभनीहून पुढची गाडी गावायची न्हाई.” आणि वाकून त्यानं रुक्मिणचं गाठोडं उचललं.

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. गर्दीत दोघींना खिडकीशेजारी जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा मला फार वाटलं की आपणही चढावं, त्या अंगणात जाऊन एकदा बघावं. पण परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, आणि मला कुणी बोलावलंही नव्हतं. मी गाडी वळेपर्यंत उभी राहिले. परत आले तेव्हा बाया चिंचेखाली गाणी म्हणत होत्या आणि अंगण मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

पंचमी झाल्यावर बाजाराच्या दिवशी कौसा खोलीवर आली. हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, आईनं भरलेल्या. मी तिला मशिनीजवळ गाठलं आणि विचारलं, “गल्लीतल्या बाया आल्या होत्या का झोक्यावर?”

“न्हाई आल्या. कुडापल्याड हुब्या ऱ्हायल्या. वहिनीनं बी पोरींना आत घेतलं. दादा दारात बसला व्हता, पण त्याला काय बोलता येईना.”

“मग?”

“मंग काय. माय झोका द्यायची. हात भरून आले तिचे, पण थांबना. मी म्हनलं बस माय, तर म्हनली तू गप बस.” तिनं मशिनीत कापड सरकवलं. “पयलं लय पोरी असायच्या ताई. पाळी यायची वाट बघून बघून पाय दुखायचे. बसलं न्हाई तवर दुसरी उतर म्हनायची. औंदा झोका समदा मोकळा व्हता. मी अन् रुक्मिन, पोटभर बसून घेतलं.”